जिथे मुली अडखळल्या

विनोबांची आई रुक्मिणीबाई बडोद्याला गीतेवरच्या प्रवचनांना जात असे. संस्कृत काही समजत नाही, मराठी गीता आणून दे, असं तिने विन्याला सांगितलं. त्याने गद्य भाषांतर आणून दिलं. तिला पद्य हवं होतं, म्हणून मग वामनपंडितांची समश्लोकी आणली. तीही तिला जड गेली. याहून सोपी गीता मिळत नाही, असं मुलाने सांगितल्यावर ती म्हणाली, मग तूच का करत नाहीस? 1918 साली ती गेली. मुलाने तिचं मागणं हाती घेतलं ते 7 ऑक्टोबर 1930 रोजी, वर्ध्यात. 6 फेब्रुवारी 1931 ला गीताई, म्हणजे ती सोपी मराठी गीता, लिहून झाली.

वाचकाशी नातं कसं जोडावं, हा प्रश्न लिहिणाऱ्यांच्या बैठकीत हल्ली हमखास निघतो आणि चर्चा बहुधा पुस्तक छापून झाल्यानंतरच्या गोष्टींवर रेंगाळते: प्रकाशन समारंभ, परीक्षणं, सह्या, जाहिरात. वर्धा जिल्ह्याच्या मातीत या प्रश्नाचं जे उत्तर सापडतं, ते छपाईच्या कितीतरी आधी सुरू होतं. लेखकाने अजून एक ओळही लिहिलेली नसताना वाचक त्याच्याकडे काहीतरी मागतो आणि लेखक ते मागणं बारा-बारा वर्षं मनात धरून ठेवतो.

गीताईचा खरा धडा मात्र पुढच्या टप्प्यात आहे. लिहून झाल्यावर विनोबांनी ती आपल्या आश्रमातल्या लहान मुलींच्या वर्गाला शिकवली. जिथे मुलींना अवघड गेलं तिथले शब्द बदलले. नंतरही चर्चा, सुधारणा होत राहिल्या आणि 1932 मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. हे काम किती कठीण असेल याचा अंदाज करून पाहावा. मुळातले सातशे श्लोक, त्याच क्रमाने, श्लोकाला श्लोक. अक्षरांची मोजणी ठरलेली. त्यात एक शब्द हलवला की सगळा चरण पुन्हा बसवावा लागतो. संस्कृत, उपनिषदं, शांकरभाष्य पचवलेला माणूस हा खटाटोप करतो, कारण समोरच्या मुलीला एक ओळ म्हणता येत नाही. मुलीची समज कमी आहे, असं त्याने ठरवलं नाही. आपल्या ओळीत खोट आहे, असं मानलं. माझ्या मते वाचकाबद्दलचा आदर याहून वेगळा नसतो.

ही रीत विनोबांनी एकाएकी शोधली नव्हती. ते वर्ध्याला आले 1921 मध्ये आणि जानेवारी 1923 मध्ये त्यांनी इथून ‘महाराष्ट्र-धर्म’ काढलं, आधी मासिक आणि पुढे साप्ताहिक. मासिकात उपनिषदांवर लिहिलं, साप्ताहिकात तुकारामांचे अभंग उलगडले. दर आठवड्याला लिहायचं म्हणजे दर आठवड्याला कुणाशी तरी बोलायचं. त्याने लेखणीला वळण लागतं, वाक्यं आखूड होतात.

धुळ्याच्या तुरुंगातली गीता-प्रवचनं हे त्याचं पुढचं रूप. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, दर रविवारी एक अध्याय. समोर कैदी बसलेले आणि त्यांच्यात साने गुरुजी भराभर उतरवून घेत होते. नेवाशाला ज्ञानेश्वर बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, ती परंपरा मराठीला नवी नाही. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांना किती वेळा हाक मारली आहे, त्यांची किती मनधरणी केली आहे! प्रवचनांत तोच जिव्हाळा आहे. ऐकणारा कंटाळला तर ते लगेच दिसतं, हा बोलणाऱ्याचा मोठा फायदा. एकांतात लिहिणाऱ्याला तो मिळत नाही, त्याने तो मुद्दाम मिळवावा लागतो.

वर्ध्यापासून जवळच, सेगाव नावाच्या खेड्यात गांधीजी 1936 मध्ये राहायला आले. त्यांचं टपाल सारख्या नावाच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. एका खेड्याचं नाव बदलावं लागावं एवढी पत्रं! त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर चाले. कडू प्रश्नही त्यात छापले जात. लेख लिहून झाला की काम संपलं असं न मानता, आलेल्या आक्षेपातून पुढचा लेख उभा राही.

वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही दोनदा भरलं. 1969 मध्ये पु. शि. रेगे अध्यक्ष होते आणि फेब्रुवारी 2023 मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर. दुसरं भरलं ते विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने. ‘महाराष्ट्र-धर्म’चा पहिला अंक आणि हा संघ, दोन्ही जानेवारी 1923 चे. अशा मांडवांत मात्र लेखक वर आणि वाचक खाली बसतात, आणि परिसंवादात श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी शेवटची पाच मिनिटं उरली तर उरतात. ती पन्नास करावीत, असं मला फार वाटतं.

त्याहून सोपं एक काम प्रत्येक लेखकाला करता येईल. आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगाव, जिथे वाचनालय आहे तिथे न छापलेला मजकूर घेऊन जावं. कापसाचा हंगाम सोडून दुसरा महिना धरावा, नाहीतर ऐकायला कुणी येणार नाही. शाळकरी मुलं, अंगणवाडी सेविका, निवृत्त मास्तर, जे येतील त्यांच्याकडूनच तो मोठ्याने वाचून घ्यावा. आपण वाचून दाखवू नये, कारण आपला आवाज वाईट वाक्यही सावरून नेतो. पेन्सिल हातात ठेवावी आणि वाचणारा अडखळला की काही न बोलता समासात खूण करावी.