रिकाम्या मोटारीचे बिल कोण भरतो?

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या कोणत्याही यंत्रमाग कारखान्यात दुपारी एक-दीडच्या सुमारास जाऊन उभे राहावे. कामगार डबा खायला बसलेले असतात, काही जण जोहरच्या नमाजला गेलेले असतात. मागांची खटखट थांबलेली असते. पण कान देऊन ऐकले तर एक बारीक घरघर चालूच असते. माग थांबले आहेत, काही मोटारी मात्र फिरत आहेत. कापड एक इंचही निघत नाही आणि मीटरचा आकडा पुढे सरकतो आहे.

मजुरी आणि सुटे भाग यांच्या खालोखाल, काही ठिकाणी त्यांच्याही वर, विजेचा खर्च आहे, हे आपल्या धंद्यातील बांधवांना सांगायला नको. खर्चीवर विणणाऱ्या मालकाला पिकामागे काही पैसे मिळतात आणि त्यातूनच बिल जाते. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचा भाव नाही, विजेचा दरही नाही. मग हातात काय उरते? कोणते यंत्र कधी चालवायचे आणि कधी बंद करायचे, एवढेच. नेमक्या याच प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत जगातील अनेक विद्यापीठांत डॉक्टरेटचे प्रबंध लिहिले गेले आहेत. नावे अवघड असतात: ऊर्जेचे भान ठेवून उत्पादनाचे वेळापत्रक, शाश्वत औद्योगिक उत्पादन वगैरे. आतला माल मात्र आपल्या कामाचा आहे.

सुरुवात एका आकड्यापासून करू. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतील टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली टोयोटाच्या एका स्वयंचलित यंत्रओळीचा विजेचा हिशेब प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष धातू कापण्यासाठी लागणारी वीज एकूण विजेच्या १५ टक्क्यांच्या आत होती. उरलेली सुमारे ८५ टक्के वीज थंड करण्याच्या तेलाचे पंप, पंखे, दाब ठेवणारी यंत्रणा, नियंत्रक अशा गोष्टींवर जात होती. त्या भागाचे वैशिष्ट्य असे की माल निघो वा न निघो, तो खर्च होतच राहतो. टोयोटासारख्या काटेकोर कंपनीची ही गत, तर आपल्याकडच्या कारखान्यांचे काय असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

त्यानंतर अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा येथील विद्यापीठात जिल मूझॉन नावाच्या संशोधकाने याच विषयावर डॉक्टरेट केली. विचिटा हे विमाने बनविण्याचे शहर, आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे छोटे-मोठे कारखाने तेथे पुष्कळ. मूझॉन आणि त्याच्या मार्गदर्शकांनी अशा यंत्रांची पाहणी केली. आठ तासांच्या पाळीत यंत्र सरासरी १६ टक्के वेळ रिकामे चालू असते आणि त्या वेळात ते बंद केले तर सुमारे १३ टक्के वीज वाचते, असे त्यांना आढळले. नवे यंत्र घेतले नाही, कर्ज काढले नाही. फक्त बटण दाबले.

मग सगळे जण बटण का दाबत नाहीत? कारण बंद केलेले यंत्र पुन्हा सुरू करायलाही वीज लागते आणि वेळही लागतो. येथे मूझॉनचा नियम कामी येतो. यंत्र पुन्हा सुरू करायला जितकी वीज लागते तिला ते रिकामे चालताना घेत असलेल्या विजेने भागावे. जे उत्तर येते तितका वेळ ही सीमा. पुढचे काम त्याहून उशिरा येणार असेल आणि यंत्र बंद करून परत तयार होण्यास तेवढा अवकाशही असेल, तर बंद करावे. नसेल तर चालू ठेवावे. उदाहरणार्थ, एखादे यंत्र रिकामे असताना २ किलोवॅट खाते आणि सुरू करून गरम व्हायला अर्धे युनिट घेते. अर्ध्याला दोनाने भागले की पाव तास. पुढचे काम वीस मिनिटांनी येणार असेल तर बंद करण्यात फायदा, दहा मिनिटांनी येणार असेल तर नाही.

आता हाच नियम मागाच्या मोटारीला लावू. आपल्याकडे एक समज पक्का रुजलेला आहे की मोटार सुरू करताना फार वीज खाते, म्हणून ती चालूच ठेवलेली बरी. हा समज अर्धाच खरा आहे. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते हे खरे, पण किती वेळ? एक-दोन सेकंद. एक अश्वशक्तीच्या मोटारीने दोन सेकंद ६ किलोवॅट घेतले असे धरले, तरी ती वीज एका युनिटच्या तीनशेव्या भागाइतकी होते. तीच मोटार रिकामी फिरताना पाव किलोवॅट घेते असे समजले, तर पाऊण मिनिटात तेवढी वीज उडते. म्हणजे सीमा एका मिनिटाच्याही आत आली.

याचा अर्थ प्रत्येक तार तुटली की मोटार बंद करावी असा नाही. वारंवार सुरू-बंद केल्याने गुंडाळी तापते आणि मोटार जळाली तर बचत तिच्याबरोबर जळते. पण चहा, जेवण, नमाज किंवा नवा बीम चढवून ताण्याची तार न् तार जोडण्याचे काम, अशा वेळी मोटार फिरत ठेवण्याला कोणताही हिशेब पाठिंबा देत नाही. समजा २४ मागांचा कारखाना आहे आणि प्रत्येक पाळीत मोटारी एकूण पाऊण तास रिकाम्या फिरतात. पाव किलोवॅटच्या हिशेबाने पाळीला साडेचार युनिटे होतात. दोन पाळ्यांची नऊ, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,७०० युनिटे. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. हे आकडे कल्पनेचे आहेत. खरे आकडे काढायला एक क्लँप मीटर आणि एक दुपार पुरे.

हा झाला सोपा भाग. अवघड भाग कामाच्या क्रमाचा आहे. एखाद्या रंगाई कारखान्याकडे दहा ऑर्डरी आहेत. कोणती आधी, कोणती नंतर? अनुभवी मास्टर फिका रंग आधी आणि गडद नंतर घेतो, कारण काळ्यानंतर पांढरट गुलाबी घ्यायचा तर यंत्र धुण्यात पाणी, वाफ आणि वेळ जातो. मास्टरला हे शिकवायला विद्यापीठाची गरज नाही. पण त्यात प्रत्येक ऑर्डरची मुदत घाला, बॉयलर कधी पेटवायचा ते घाला, दिवसाचे वेगवेगळे विजेचे दर घाला, की डोके चालेनासे होते. दहा कामे ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात. पंधरा झाली की ही संख्या एक लाख तीस हजार कोटींच्या पुढे जाते. प्रत्येक क्रम तपासत बसले तर संगणकही थकतो.

म्हणून संशोधक वेगळी वाट धरतात. २०१४ साली फादी श्रूफ आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी एका यंत्राच्या दिवसभराच्या वेळापत्रकावर निबंध प्रसिद्ध केला. विजेचा दर दिवसभरात बदलत असताना ते यंत्र कधी चालवावे, कधी रिकामे ठेवावे आणि कधी पूर्ण बंद करावे, हा त्याचा विषय. त्यांनी वापरलेली रीत बोकडांची जात सुधारणाऱ्याला लगेच समजेल. आधी काही वेळापत्रके सहज मांडायची. त्यांतली चांगली निवडायची, त्यांचा संकर करायचा, मधूनच एखादा बदल घालायचा आणि पुढच्या पिढीतून पुन्हा निवड करायची. अगदी सर्वोत्तम उत्तर मिळेलच अशी हमी नाही, पण त्याच्या जवळपासचे उत्तर थोड्या वेळात मिळते.

विजेचा बदलता दर हा आता परदेशातला विषय राहिलेला नाही. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावण्याचे ठरले. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत विजेचा आकार नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी आणि गर्दीच्या वेळी निदान २० टक्के जास्त असावा, असे नियम सांगतो. नेमके तास व दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, आणि स्मार्ट मीटर बसल्यावर हे लागू होते. साधा हिशेब करा. शंभरचा दर दिवसा ऐंशी आणि गर्दीत एकशे वीस. म्हणजे तेच युनिट गर्दीच्या वेळी दीडपट पडते.

एक अश्वशक्तीचे २४ माग म्हणजे साधारण १८ किलोवॅट. म्हणजे मध्यम कारखाना या नियमाच्या कक्षेत येतो. वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकांना महाराष्ट्रात अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात सूट मिळत असे, आणि ‘रात्रीची वीज स्वस्त’ हे आपल्या मनात बसले आहे. सौर विजेमुळे आता वारे उलट्या दिशेने वाहते आहे. जुन्या समजुतीवर रात्रपाळी वाढवण्याआधी आपल्या बिलाच्या मागच्या बाजूचे तासांचे कोष्टक नीट वाचावे.

अर्थात माग दिवसाच चालवा आणि संध्याकाळी बंद ठेवा, असे कोणी सांगू लागला तर त्याने कधी भाड्याच्या शेडमध्ये माग लावलेले नाहीत असे समजावे. मागाचे भाडे, कर्जाचे व्याज आणि विणकराची रोजी दर तासाला चालू असते. माग थांबवून वाचलेली वीज त्यापुढे किरकोळ आहे. पण कांडी भरण्याचे यंत्र? ते मागापेक्षा वेगाने काम करते आणि दिवसातले काही तास मोकळेच असते. त्याचे काम स्वस्त तासांत उरकून कांड्यांचा साठा ठेवला तर कोणाची रोजी बुडत नाही. कारखान्यात सगळ्यात मंद जे यंत्र आहे त्याला थांबवू नये, बाकीच्यांना हलवावे, हे या संशोधनातले सगळ्यात उपयोगी वाक्य म्हणावे लागेल.

सायझिंगवाल्यांचेही तसेच. बॉयलर पेटवून दाबाला आणायला जे जळण लागते ते एका बीमला लागते तितकेच पाच बीमांना. कामे एका दिवशी गोळा करून घेतली तर जळण वाचते. पण मग मागवाल्याला बीमसाठी थांबावे लागते. मूझॉन आणि यिल्दिरिम यांच्या २००८ च्या निबंधात हीच ओढाताण आहे: एका पारड्यात वीज, दुसऱ्यात उशीर. तेथे एक उत्तर निघत नाही, उत्तरांची यादी निघते. त्यातले कोणते घ्यायचे हे गिऱ्हाईक किती तापट आहे त्यावरून मालकाने ठरवायचे.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. फिरोजाबादच्या बांगड्यांच्या काचभट्ट्या रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागतात. थंड केली तर भट्टी आणि आतली भांडी दोन्हींचे नुकसान. तेथे बटणाचा उपाय नव्हता, भट्टीच बदलावी लागली. ताजमहालाच्या परिसरातील कोळशावर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निर्बंध घातले. त्यानंतर दिल्लीच्या टेरी संस्थेने नैसर्गिक वायूवर चालणारी आणि धुराड्यातून जाणारी उष्णता परत वापरणारी भट्टी तेथील कारखानदारांबरोबर उभी केली.

एअरजेट माग आणि वर्कशॉपवाल्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. सात बार दाबाच्या हवेच्या पाइपला तीन मिलिमीटरचे भोक असले तर कॉम्प्रेसर त्यापायी तीन-चार किलोवॅट उधळतो, आणि हे भोक जेवणाच्या सुट्टीतही चालू असते. सगळी यंत्रे बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवावा. तो दाब धरण्यासाठी किती वेळा उठतो ते घड्याळ लावून मोजावे, गळती कळते. दाब गरजेपेक्षा एक बार जास्त ठेवला असेल तर सुमारे सात टक्के वीज तिथेच जाते.

या प्रबंधांत एक गोष्ट मात्र फारशी सापडत नाही. त्यांच्या कागदावर कोणते काम कधी येणार आणि किती वेळ घेणार हे आधीच ठाऊक असते. आपल्याकडे सूत वेळेवर येत नाही, व्यापारी मध्येच क्वालिटी बदलतो, लाइट जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विणकराला मजुरी मीटरवर मिळते आणि विजेचे बिल मालक भरतो. मोटार बंद केल्याचा विणकराला छदामही मिळत नाही. उलट पुन्हा सुरू करण्यात त्याचे दोन मिनिटे विणकाम जाते. अशा वेळी मालकाने भिंतीवर सूचना लावून काय होणार? काही ठिकाणी मालक दंडाची भाषा करतात. ती चुकीची आहे, आणि दंडाच्या धाकाने सुरू-बंद केलेल्या मोटारी लवकर जळतात. वाचलेल्या युनिटांतला ठरलेला हिस्सा महिनाअखेर पाळीतल्या सर्वांना वाटून द्यावा, हे सरळ दिसते. त्यासाठी प्रत्येक रांगेला एक स्वतंत्र सबमीटर लागेल. कोणत्या रांगेने किती वाचवले हे दोन्ही बाजूंना वाचता आले की वाद उरत नाही, आणि वाटणी पहिल्याच महिन्यापासून सुरू करता येते.