कोयते कमी का आले?
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. यावेळचा विषय निराळा आहे. तालुक्याला आरोग्य खात्याने साथरोग पूर्वतयारीची बैठक बोलावली होती आणि कारखान्यातर्फे मला जावे लागले. जाताना मनात म्हटले, ऊसवाल्याचे तिथे काय काम? परत येताना मात्र एक जुनी गोष्ट डोक्यातून जाईना. ती आधी सांगतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्याकडे गट ओव्हरसियर होतो. ओढ्याकाठच्या माळावर बैलगाडीवाल्यांचा तळ पडला होता, सत्तर-ऐंशी कोप्या असतील. सोमवारी चिटबॉयने आणलेल्या नोंदीत एका टोळीचे बावीसपैकी अठरा कोयते फडात होते. मंगळवारी पंधरा, बुधवारी अकरा. मी चिटबॉयला झापले. मुकादमाला फोन लावून "उचल घेताना बरे सगळे हात पुढे येतात" असेही बोललो. कोयते कमी का आले, हे मात्र विचारले नाही. गव्हाणीला ऊस कमी पडत होता, वरून मला बोलणी बसत होती, ती मी खाली पोचवली, एवढेच.

गुरुवारी तळावर गेलो तर कोप्याकोप्यांतून माणसे जुलाब-उलट्यांनी आडवी. पाण्याच्या पाईपचा सांधा निखळला होता, त्याच्यावरच डबके साचले होते आणि शेजारीच बैलांची दावण. चाळीसच्या वर माणसे तालुक्याच्या दवाखान्यात हलवली. एक दोन वर्षांची पोर वाचली नाही. तिच्या बापाचे नाव माझ्या वहीत सोमवारपासून गैरहजर म्हणून लिहिलेले होते.

मुकादम म्हणाला, "सायब, दवाखान्यात नेलं तर खाडा पडतो, उचल फिटायची कशी?" चिटबॉय म्हणाला, "आजारपणाचं आपल्याकडं कुठं असतंय?" दोघांचेही खरे होते. बातमी सोमवारपासून आमच्याच कागदावर होती, फक्त ती आजाराची बातमी म्हणून वाचायची, हे कुणाचे काम म्हणून ठरलेले नव्हते.

पूर्वतयारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर औषधांची खोकी आणि रुग्णवाहिका येते. ती लागतातच. पण बैठकीतल्या डॉक्टरांनी पहिला तासभर औषधाचे नावही काढले नाही. कोण कुणाला, कोणत्या दिवशी, काय कळवणार, यावरच बोलत होते. मला त्यात आपले शेतकी खातेच दिसले. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला तेव्हा मी डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. पानाच्या मागे पांढरे काहीतरी आहे, एवढेच पहिल्यांदा लोक म्हणत. कळवायचे कुणाला, हे ठाऊक नव्हते. गावेच्या गावे पांढरी झाल्यावर धावपळ सुरू झाली. उंच उसात फवारणीचा पंप शिरेना. पुढे डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडी सोडल्या, तेव्हा कुठे आवर बसला. चार पाने पांढरी असताना कळणे आणि चारशे एकर पांढरे झाल्यावर कळणे यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

माणसांच्या बाबतीत हीच गोष्ट आपल्याच राज्यात घडून गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या आठवणीत आहे. त्यानंतर मराठवाड्यात पुष्कळ लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. घरात धान्य तसेच राहिले आणि उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी पिसवा फार झाल्याची तक्रार आली, उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसांना गाठी आल्या. तो प्लेग होता. देशात त्यापूर्वी माणसातला प्लेग १९६६ साली नोंदला गेला होता, म्हणजे मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली होती. एवढ्या काळात उंदरावर लक्ष ठेवणाऱ्याला कोण किंमत देणार? पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा बोभाटा झाला. तिथे पन्नासच्या वर माणसे दगावली आणि लाखो लोकांनी, त्यात आपल्या खानदेशातून पोटासाठी गेलेलेही होते, मिळेल त्या गाडीने शहर सोडले. बाजारातून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या नाहीशा झाल्या. पुढच्या वर्षी तिथे आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवून ते शहर स्वच्छ केले, हेही लोकांनी पाहिले.

त्या धड्यातून १९९७-९८ साली देशात साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ मध्ये त्याचे मोठे रूप, एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प, आले. रचना साधी आहे. गावात फिरणारी आरोग्यसेविका ताप, जुलाब, कावीळ अशी लक्षणे कळवते, डॉक्टर आपला अंदाज कळवतो आणि प्रयोगशाळा तपासणीचा निकाल कळवते. तिन्ही जिल्ह्याला एकत्र येतात. पूर्वी हे आठवड्याला कागदावर जाई. २०२१ पासून संगणकावर रोज भरण्याची सोय झाली आहे. एखाद्या गावचा आकडा नेहमीपेक्षा फुगला की पथक निघते.

आपल्या कारखान्यासारखेच हे आहे. ऑफ सीझनमध्ये आपण मिलचे रोलर उतरवतो, बॉयलरच्या नळ्या तपासतो, टर्बाईन उघडतो. साखरेचे एक पोते त्या दिवसांत पडत नाही, तरी त्या खर्चावर वार्षिक सभेत कुणी ओरडत नाही, कारण मिल बंद पडली की काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आरोग्याच्या ऑफ सीझनला मात्र पैसा मागायला गेले की विचारतात, "गेल्या वर्षी तर काही झालं नाही?" बैठकीत एक वयस्क आरोग्य अधिकारी हे बोलले तेव्हा सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत.

आता आपला संबंध कुठे येतो ते सांगतो. आशाताईला तिच्या गावातले घर अन् घर माहीत असते. पण नोव्हेंबरात येऊन गावाबाहेर तीन-चार महिने राहणारी कोपी तिच्या यादीत असतेच असे नाही. टोळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते, तिकडची आशा निराळी. या माणसांची नावानिशी यादी असते ती मुकादमाकडे आणि आपल्या शेतकी खात्याकडे. २०२० च्या टाळेबंदीत हे चांगलेच कळले. राज्यात लाखाहून अधिक तोडणी मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. १७ एप्रिलला शासनाने तपासणी करून त्यांना गावी सोडण्याची परवानगी दिली, तेव्हा कोण कुठल्या गावचा, बरोबर मुले किती, हे कारखान्यांच्याच याद्यांवरून काढावे लागले.

म्हणून यंदा आपण काही गोष्टी ठरवल्या आहेत. चिटबॉयच्या रोजच्या नोंदीत "गैरहजर" या रकान्याशेजारी "आजारी" असा रकाना असेल आणि त्यात ताप, जुलाब-उलटी की अन्य, एवढेच लिहायचे. एका टोळीत दोन दिवसांत तीन माणसे एकाच तक्रारीची झाली की गट ओव्हरसियरने त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करायचा, वरिष्ठांना विचारत बसायचे नाही. आजाऱ्याला दवाखान्यात नेल्याबद्दल मुकादमाला कारखान्याकडून एक शब्दही बोलला जाणार नाही. ही शेवटची गोष्ट माझ्या आग्रहाने घातली आहे.

सभासदांचे काम पाण्याचे आहे. तुमच्या फडात टोळी आली की ती तुमच्याच विहिरीचे नाहीतर पाटाचे पाणी पिते. ज्या हौदात खत किंवा औषध कालवता त्यातले पाणी पिण्यास देऊ नका. विहिरीत ब्लिचिंग पावडर किती टाकायची ते पाणी मोजून आरोग्यसेवक सांगतील, अंदाजाने मूठ टाकू नका. पोते उघडे राहिले तर पावडरीचा जोर उतरतो, हेही ध्यानात असू द्या. मागच्या सालच्या फाटक्या पोत्यावर भरवसा नको.

आणि आपण साखर पिकवणारे लोक, तेव्हा हे घरात लिहूनच ठेवा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये. जुलाब सुरू होताच थोडे थोडे पाजत राहावे, दवाखान्याच्या वाटेवरही. लेकराचे अंगावरचे दूध बंद करू नये. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याने माणसे पटापट जात होती आणि सलाईन संपले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखरेच्याच जातीचे ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, पिंपांना तोट्या लावून, नातेवाईकांच्याच हाताने ते पाजवले. शंभरात पंचवीस-तीस मरत होते, ते प्रमाण तीन-चारांवर आले.

रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आणि आपल्या गटाच्या आरोग्य केंद्राचा फोन प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर रंगवून घेतला आहे. बॉयलर पेटवण्याच्या दिवशी सकाळी ९ वाजता सर्व मुकादम आणि चिटबॉय यांना शेतकी कार्यालयात बोलावले आहे. ज्या सभासदांच्या रानात तळ पडणार आहेत त्यांनीही यावे. चहा आहे.