डास औषधाला दाद का देत नाहीत?

२०१६च्या उन्हाळ्यात मायामीच्या विनवूड भागात झिकाचा स्थानिक प्रसार सुरू झाला. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके फवारूनही एडिस इजिप्ती डास पुरेसे कमी होईनात. ही औषधे डासाच्या मज्जातंतूंवर आघात करतात. परंतु जनुकीय बदलामुळे काही डासांवर त्यांचा परिणाम होत नाही. तेच वाचतात आणि हा गुण पुढील पिढीला देतात. अखेर नॅलेड हे वेगळ्या वर्गातील कीटकनाशक आणि अळ्या मारणारे बीटीआय जिवाणू विमानातून फवारण्यात आले. सप्टेंबरमध्ये विनवूडमधील प्रसार थांबल्याचे जाहीर झाले. मात्र एकच औषध सतत वापरल्यास तेही निष्प्रभ ठरू शकते. म्हणूनच फवारणीपूर्वी स्थानिक डासांची चाचणी, औषधांचा आलटूनपालटून वापर आणि घराभोवती साचलेल्या पाण्याचा निचरा आवश्यक ठरतो.