'पित्त झालंय' म्हणजे नक्की काय?

मेसचा रस्सा जरा तिखट झाला की होस्टेलवर निम्मी जनता ओरडते, "पित्त झालं यार!" सबमिशनच्या जागरणाने डोकं दुखलं तरी पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. आणि कुणी आपलं जर्नल ढापलं की पित्त खवळतं, ते वेगळंच!

गेल्या पावसाळ्यात मात्र या शब्दाने मला चांगलंच घाबरवलं. आमचं घर पौडजवळ. भातलावणीवरून आलेले आबा म्हणाले, "पित्त झालंय, छातीत जळजळतंय." आईने आमसुलाचं पाणी दिलं. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला. डॉक्टरांकडे नेलं, तिथेही आबांचं तेच, "पित्त झालंय." डॉक्टर म्हणाले, "काका, पित्त राहू द्या. नेमकं काय होतंय ते सांगा." छातीवर दाब, डावा हात जड, हे ऐकल्याबरोबर त्यांनी ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता! वेळेत पुण्याला पोचलो म्हणून आबा आज ठणठणीत आहेत.

मग मी या शब्दाच्या मागेच लागलो. आयुर्वेदात वात, पित्त, कफ हे तीन दोष. दोष म्हणजे चूक नव्हे; ते समतोल असले की आरोग्य, बिघडले की रोग. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आंबट ढेकर, जळजळ यांना 'अम्लपित्त' आणि खाजणाऱ्या गांधींना 'शीतपित्त' अशी वेगवेगळी नावं आहेत. आपण बोलताना पहिला अर्धा भाग गाळला, दोन्हींचं उरलं नुसतं 'पित्त'.

शाळेच्या पुस्तकातलं पित्त तिसरंच. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि चरबी पचवायला मदत करतं. गंमत म्हणजे हा रस किंचित अल्कधर्मी असतो! जळजळ होते ती जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने. गांधी उठतात त्या बहुधा हिस्टामिनमुळे. आणि आबांच्या रिपोर्टमधलं 'कोलेस्टेरॉल'? त्यातही पित्तच, ग्रीक भाषेतलं 'खोले'; कारण तो पदार्थ आधी पित्तखड्यांत सापडला.

प्रोग्रॅममध्ये एकाच व्हेरिएबलला चार अर्थ दिले तर आउटपुट चुकणारच. म्हणून मित्रांनो, गप्पांत पित्त खुशाल म्हणा, पण डॉक्टरांसमोर कुठे, कसं, कधीपासून ते सांगा. आणि छातीत दाब, घाम, हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर आमसूल शोधत बसू नका, सरळ १०८ लावा!