कुजक्या ओंडक्याखालचा रात्रसरडा

पिवळ्या ठिपक्यांचा रात्रसरडा हा मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांचा रहिवासी. शास्त्रीय नाव लेपिडोफायमा फ्लाव्हिमॅक्युलाटम. शेपूट सोडून तो साधारण 10 सेंटीमीटर भरतो. अंग काळपट तपकिरी, त्यावर फिकट पिवळे ठिपके. डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो आणि तो सरडा जिभेने चाटून साफ करतो.

दक्षिण मेक्सिकोपासून बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका अशा देशांतून त्याचा पट्टा थेट पनामापर्यंत उतरतो. नकाशावर हा विस्तार मोठा दिसतो, पण त्यावरून तो या पट्ट्यात कुठेही भेटेल असे समजणे चूक ठरेल. सखल भागातले पावसाळी जंगल, आणि त्यातही कुजत चाललेल्या ओंडक्याची खालची बाजू, सुटलेल्या सालीमागची जागा किंवा दगडांमधली फट हे त्याचे खरे घर. वर ऊन तापले तरी तिथली ओल टिकते. ओंडका उलटला तर दमट भुसा, मुंग्या, कोळी, गोमा असा सगळा संसार उघडा पडतो. त्याचे भक्ष्य त्यातच, म्हणून दूर भटकण्याची त्याला फारशी गरजच पडत नाही.

अशा तुटक वस्त्यांमध्ये जोडीदार मिळणे अवघड असते. त्यावर निसर्गाने काढलेला तोडगा विलक्षण आहे. उत्तरेकडच्या वस्त्यांत नर आणि माद्या दोन्ही आढळतात. दक्षिणेकडे मात्र काही वस्त्या केवळ माद्यांच्या आहेत. पनामातल्या अशाच एका वस्तीचा अभ्यास 1970 साली प्रसिद्ध झाला. या माद्या नराशिवाय प्रजनन करतात, आणि तेही अंडी न घालता, थेट पिल्लांना जन्म देऊन. त्यामुळे नव्या जागी पोहोचलेली एकटी मादीसुद्धा वस्ती उभी करू शकते. महाराष्ट्रात बागेतल्या कुंड्यांखाली सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा सापही नराविनाच वंश वाढवतो.

कुरणे आणि शेतीसाठी मध्य अमेरिकेतले सखल जंगल मोठ्या प्रमाणावर तुटले आहे. उरलेल्या तुकड्यांत उभी झाडे राखणे आवश्यकच, पण तेवढ्याने भागत नाही. पडलेली झाडे जागच्या जागी कुजू दिली, तरच या सरड्याला तिथे राहता येते.