रुळांशिवाय रोलिंग

येवल्याच्या पैठणीचा पदर झळकतो तो जरीमुळे. अस्सल जरीसाठी चांदीची तार बारीक भोकांमधून ओढत ओढत केसासारखी करतात. मग ती पोलादी रुळांमध्ये दाबून चपटी होते, रेशमावर गुंडाळली जाते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढतो. धातू रुळांमध्ये असा दाबून चपटा करणे म्हणजेच रोलिंग.

थंड धातू दाबला की कडक होतो. त्याचे सूक्ष्म स्फटिककण ताणले जातात, त्यांच्यात गुंता होतो. म्हणून तार अधूनमधून तापवून मऊ करावी लागते. लालभडक पोलादाचे गणित वेगळे आहे. एका रुळजोडीतून सुटून दुसरीत शिरेपर्यंत त्यात नवे कण जन्मतात. हे कण जितके बारीक राहतील, तितके पोलाद बळकट आणि चिवट होते.

असे तापलेले पोलाद रुळांमधून लाटूनच डोळवीच्या कारखान्यात पत्रा बनतो आणि जालन्याच्या री-रोलिंग मिलमध्ये सळया. एखादा नवा मिश्रधातू आजमावण्यासाठी अशी मिल थांबवणे परवडत नाही. मग प्रयोगशाळेत छोटी मिल बसवावी, असे कोणालाही वाटेल. पण आकार लहान झाला की उष्णता फार वेगाने निघून जाते. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, तसे. रुळाच्या स्पर्शानेच पातळ तुकडा गार पडतो आणि मोठ्या मिलमधले तापमान तिथे टिकत नाही.

म्हणून संशोधकांनी रुळांची नक्कल करणे सोडले आणि धातूला काय सोसावे लागते, त्याची नक्कल केली. तापमान किती, दाब किती वेगाने पडला, दोन दाबांमध्ये उसंत किती मिळाली, एवढे जुळले की पुरे. अमेरिकेतील रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमध्ये 1940च्या दशकात वेल्डिंगच्या अभ्यासासाठी घडलेले ‘ग्लीबल’ यंत्र हेच करते. 10 मिलिमीटर व्यासाचा, 15 मिलिमीटर उंचीचा पोलादी तुकडा, वजन जेमतेम 9 ग्रॅम. त्यातून वीजप्रवाह सोडून तो तापवायचा, ठरल्या वेळी दाबायचा, थांबायचे, पुन्हा दाबायचे. हवे त्या क्षणी पाण्याचा फवारा मारला की आतली रचना जवळपास जशीच्या तशी गोठते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. मला यातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, कारण धावत्या मिलमध्ये पोलादाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. अर्थात मर्यादाही आहेत. पत्र्याच्या मिलच्या शेवटच्या रुळांमध्ये धातू इतक्या वेगाने दबतो की अनेक यंत्रांना तो वेग गाठता येत नाही.

जालन्याला अशा चाचण्यांची गरज अधिक आहे. तिथे भंगार वितळवून पोलाद होते आणि भंगारासोबत तांबे येते. वितळलेल्या पोलादातून ते काढून टाकणे जवळजवळ अशक्य. भट्टीत पृष्ठभागावरचे लोखंड गंजून खपल्या होतात, तांबे मात्र गंजत नाही. ते खपलीखाली साचते. 1085 अंश सेल्सिअसला ते वितळते आणि कणांच्या सीमांमध्ये शिरते. मग रुळाखाली पोलादाला भेगा पडतात. किती तांबे चालेल, कोणत्या तापमानाला सळई लाटावी, हे काही ग्रॅमच्या नमुन्यांवर तपासता येते. पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थांत धातुशास्त्राचे विभाग आहेत. मिलमालकांनी आपले नमुने घेऊन त्यांचे दार ठोठावावे, आणि विभागांनीही जालन्याचे भंगार हा आपल्या संशोधनाचा विषय मानावा.