चिन्नास्वामीवरची मिस वर्ल्ड

23 नोव्हेंबर 1996 रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रिकेट मैदानावर कडेकोट पोलीस बंदोबस्तात मिस वर्ल्ड स्पर्धा पार पडली. आयोजन अमिताभ बच्चन यांच्या ‘एबीसीएल’ कंपनीचे. स्पर्धेच्या विरोधकांत एका गटाला संस्कृती बुडण्याची धास्ती होती. ‘विमोचना’सारख्या स्त्रीवादी संघटनांचा आक्षेप मात्र बाईचे शरीर बाजारात मांडण्याला होता. हा फरक विसरणे अन्यायाचे ठरेल. 1968 साली अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’च्या निषेधात स्त्रियांनी खोट्या पापण्या, कर्लर कचऱ्याच्या डब्यात फेकले, तेही याच भूमिकेतून. बंगळूरच्या स्पर्धेच्या निषेधार्थ मदुराईत एका तरुणाने आत्मदहन केले. स्विमसूट फेरी सेशेल्सला हलवावी लागली. मुकुट ग्रीसच्या इरीन स्क्लिव्हाला मिळाला.